आकृती जागच्या जागी कशी फिरते?

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आमच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या सहलीत पाहिली. चौथा कार्तवीर्य या रट्ट राजाच्या काळी, इ. स. १२०४ च्या सुमारास बांधलेल्या या जैन मंदिराच्या मुखमंडपात छतामधून एक भव्य दगडी कमळ खाली उमललेले आहे. निपाणीस परतल्यावर नववीच्या काही मुलांनी तसेच कमळ संगणकावर काढून स्नेहसंमेलनात ते पडद्यावर फिरते ठेवण्याचे मनावर घेतले. कमळ सुरेख उमटले. पण फिरविण्याची आज्ञा देताच ते पडद्यावरून नाहीसे झाले! संमेलन दोन दिवसांवर आलेले. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. तरी मुलांसह कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडीत आहो.

घरचे जाते आठवा. (आमच्या कोंकणी घरात त्याला 'दांतें' म्हणत.) त्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते, पण जागा सोडीत नाही. तेलघाण्याचा बैलही फिरतोच. मात्र त्याच्या फेऱ्याचा मध्य त्याच्या अंगाबाहेर, घाण्यात असतो. आम्हांस हवे होते जाते, आणि संगणकाने कमळाचा बैल केला.

यात संगणकाचा दोष नव्हता. पडद्यावरील प्रत्येक बिंदूची जागा दोन अंकांनी सांगतात: डाव्या कडेपासूनचे अंतर क्ष आणि वरच्या कडेपासूनचे अंतर य. म्हणजे आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात. आलेखवहीत य वर वाढतो, येथे तो खाली वाढतो, हे ध्यानात असू द्यावे. बिंदू अ कोनातून फिरविण्याचा नियम असा:

नवा क्ष = क्ष × कोसाइन अ − य × साइन अ
नवा य = क्ष × साइन अ + य × कोसाइन अ

(साइन हा शब्द परका वाटतो खरा, पण तो आपल्याच 'ज्या'चा, अरबांच्या मार्गे युरोपात जाऊन परतलेला अवतार होय.) हा नियम नेहमी आरंभबिंदूभोवतीच फिरवितो. आमच्या कमळाचा मध्य (३००, २००) वर आणि एका पाकळीचे टोक (३४०, २००) वर होते. ९० अंशांचा कोसाइन ०, साइन १. म्हणून टोक गेले (−२००, ३४०) वर. क्ष ऋण झाला, म्हणजे पाकळी डाव्या कडेच्या बाहेर पडली!

उपाय सोपा निघाला. आधी मध्याचे अंक वजा करावे: (४०, ०). मग फिरवावे: (०, ४०). शेवटी मध्य पुन्हा मिळवावा: (३००, २४०). मध्याच्या उजवीकडे असलेले टोक नेमके त्याच्या खाली आले, आणि मध्य जागचा हलला नाही. कमळाचा मध्य उघड दिसतो. त्रिकोण असेल तर तिन्ही शिरोबिंदूंच्या अंकांची सरासरी घ्यावी, म्हणजे गुरुत्वमध्य मिळतो.

तरी कमळ भलत्याच कोनात थांबे. बहुतेक संगणकभाषा कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजतात; १८० अंश म्हणजे सुमारे ३.१४१६ रेडियन. आम्ही ९० लिहिले, तर तो बिचारा चौदा फेरे पुरे करून वर आणखी ११७ अंश फिरला होता!

आणखी एक सावधगिरी. फिरविलेलीच आकृती पुन्हा फिरवीत गेल्यास आणि दर वेळी अपूर्णांक सोडून दिल्यास ती चूक साचत जाते व पाकळ्या वेड्यावाकड्या होतात. म्हणून मुलांनी मूळ कमळाचे अंक जपून ठेवले, केवळ कोन वाढवीत नेला, आणि दर वेळी त्या मूळ अंकांपासूनच नवे चित्र काढले. संमेलनाच्या सायंकाळी कमळ दीड तास फिरत होते; मध्ये वीज गेली तेवढेच काय ते थांबले.