पुंगळीची मुरड

गोखिवऱ्याच्या नैर्ऋत्येस वसईचा किल्ला आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें तो घेतला, त्या काळच्या बंदुकींत शिशाची गोळी गजानें ठासून बसवीत. रिव्हॉल्व्हरास गज नाहीं. तेथें गोळीला धरून ठेवते ती पितळी पुंगळीच्या तोंडाची कड. गोळीच्या अंगावरील खोबणींत ही कड आंत मुरडलेली असते. करंजीला मुरड घालणाऱ्या गृहिणींस याहून अधिक सांगावयास नको.

एवढ्याशा मुरडीचें प्रयोजन काय? बार उडाला कीं रिव्हॉल्व्हर झटक्यानें मागें येतें. चक्रांत उरलेल्या पुंगळ्या त्याबरोबर मागें ओढल्या जातात. जड गोळी मात्र जागींच राहूं पाहते. मुरड सैल असेल, तर दर झटक्यास गोळी थोडी बाहेर सरकते. शेवटीं तिचें टोंक चक्राच्या पुढें येऊन चौकटीस अडतें आणि चक्र फिरेनासें होतें. प्राणावर बेतलेल्या क्षणीं हत्याराचें लोखंड होतें!

पण मुरडीचा अतिरेकही नको. ओतीव शिसें मऊ. कड खोबण चुकून पडली, तर ती गोळीचें अंगच खरवडते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या रिव्हॉल्व्हर-काडतुसांवर ‘के. एफ.’ हीं अक्षरें असतात, तीं बुडाशीं; गोळी सांभाळणारें खरें काम असतें, तें तोंडाशीं.