मांजर रिकाम्या भिंतीकडं टक लावून का बघतं?

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे गावात शनिवार-रविवारी पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. चोर दरवाजाच्या वाटेनं गड चढायला आलेली पोरं, त्यांच्या आरोळ्या, मोबाईलवरची गाणी. या दोन दिवसांत माझ्या खालांच्या घरातली मनी कुणाच्या नजरेस पडत नाही. माळ्यावरच्या भाताच्या पोत्यांमागं जाऊन बसते, ती रविवारी रात्री गाव शांत झाल्यावरच खाली उतरते.

एवढंच असतं तर कुणी काही बोललं नसतं. पण मनी रात्री कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीकडं तासन् तास बघत बसायला लागली आणि कुजबुज सुरू झाली. "तिला जिन दिसतात, पोत्यात घाला आणि धरणापलीकडं सोडून या." खालांनाही ते पटायला लागलं होतं. अशा गैरसमजापायी किती मांजरं घराला मुकत असतील, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराचे कान ६० हजारांच्याही पुढं जातात. उंदराच्या पिल्लांची जी चिवचिव आपल्याला कळतही नाही, ती मांजराला स्पष्ट ऐकू येते. मी खालांना कोपऱ्यातलं पिंप सरकवायला लावलं. मागं दगडांच्या फटीत उंदरांचं बीळ निघालं. जिन कसले!

बरं, मांजर नुसतं ऐकत नाही, ऐकलेल्यावरून मनात चित्रही उभं करतं. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराला एका बाजूच्या स्पीकरवरून मालकाचा आवाज ऐकवला आणि लगेच तोच आवाज दूरच्या दुसऱ्या स्पीकरवरून लावला. मांजरं चक्रावली. मालक इथं आहे असं त्यांनी धरलेलं, मग तो तिकडं पोचला कसा? म्हणजे न दिसणारा माणूस कुठं असेल याचा अंदाज त्यांच्या डोक्यात चालू असतो. तुम्ही दारात यायच्या आधीच मांजर उंबऱ्याशी येऊन बसतं, त्यामागं हेही एक कारण असू शकतं.

आता भित्रेपणाचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २,८०२ मांजरांवरचा एक अभ्यास २०१७ साली आला. त्यात स्वभावाचे पाच पैलू मांडले होते आणि भित्रेपणा, बिचकणं हा त्यातला एक. काही मांजरं जात्याच अशी असतात. शिवाय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला नाही, तर पुढं ते बुजरं राहण्याची शक्यता जास्त. याला नखरा म्हणणं चूक आहे. ओढून बाहेर काढणं, पाहुण्यांच्या मांडीवर बळंच ठेवणं तर त्याहून वाईट.

अशा मांजराला लपायला हक्काची जागा द्या. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या एका अभ्यासात निवारा केंद्रातल्या ज्या मांजरांना खोकं मिळालं, ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. बिस्किटांचं रिकामं खोकं पुरतं, फक्त ते उंचावर आणि वर्दळीपासून लांब हवं. पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, तिथला आवाज आपल्यालाच सोसवत नाही. रोज ठरल्या वेळी खायला द्या. टक लावून बघण्याऐवजी डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. मांजरांना ही खूण ओळखीची वाटते, बरीचशी उलट उत्तरही देतात. आणि नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, त्यांना मासळी-मटण लागतंच.

एक गोष्ट मात्र अंगावर काढायची नाही. ताणामुळं मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि काहीच होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. उशीर झाला तर जीव जातो. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

राहिला प्रश्न सोडून देण्याचा. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वजूच्या पाण्याला मांजरानं तोंड लावलं, तेव्हा त्यांनी भांडं तिच्यासाठी आणखी कलतं केलं आणि मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचं सांगणं सुनेला ऐकवलं. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर आपल्याकडं लहान पोरांनाही ठाऊक असते. मग घरात वाढलेल्या, घाबरट मांजराला कुत्र्यांच्या आणि बिबट्याच्या रानात सोडून यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

खालांनी आता माळ्यावर जुनी गोधडी घातलेलं खोकं ठेवलंय. शनिवारी सकाळी गाड्यांचे आवाज यायच्या आधीच त्या मनीची वाटी वर नेऊन ठेवतात.