खिडकी गोठते, दोष रॅमला

लग्नसराईत नाशिकच्या फोटो स्टुडिओत घडणारी गोष्ट. कार्डावरचे चार हजार फोटो हार्ड डिस्कवर उतरवायला लावले, की प्रोग्रॅमची खिडकी पांढुरकी होते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि कुणीतरी हमखास सांगतो, ‘रॅम वाढवा.’ आठाची सोळा जीबी होते. पुढच्या लग्नाला खिडकी तशीच गोठते!

गोठणारच. माउसची टिचकी, कळफलक, खिडकी पुन्हा रंगवणं ही कामं एकाच मुख्य थ्रेडकडे रांगेने येतात. प्रोग्रॅमरने ‘कॉपी’ बटणाच्या टिचकीतच चार हजार फायलींचं लूप लिहिलं असेल, तर शेवटची फाइल उतरेपर्यंत तो थ्रेड रांगेकडे ढुंकूनही पाहत नाही. पाच सेकंद असे गेले, की विंडोज ती खिडकी अडकली असं धरतं आणि तिच्या जागी तिचीच फिकट नक्कल उभी करतं. हा पाच सेकंदांचा नियम मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांतच आहे आणि त्या नकलेचं नाव ‘घोस्ट विंडो’. पडद्यावर भूत, खाली कॉपी बिनबोभाट चालू. रॅम बिचारी यात कुठेच नाही.

इलाज प्रोग्रॅमरकडे आहे. फायली उतरवायचं काम पार्श्वभूमीतल्या थ्रेडला द्यायचं. त्याने किती झालं तो आकडा मुख्य थ्रेडला सेकंदाला पाच-दहा वेळा कळवायचा. दर बारीकसारीक फाइलमागे निरोप धाडला तर रांग पुन्हा तुंबते. ‘रद्द करा’ बटणही हवंच, आणि ते दाबलंय का हे दर फाइलनंतर तपासायला हवं.

‘असिंक केलं, म्हणजे काम असं पार्श्वभूमीत सोपवलं, की कॉपी वेगात होते’ हेही ऐकू येतं. कार्ड रीडरचा वेग तेवढाच राहतो. फक्त खिडकी हलती राहते.

‘चार हजार फायलींना चार हजार थ्रेड’ ही हौस तर महागच. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, आणि शंभर ठिकाणची मागणी एकदम आली की हेडची नुसती पळापळ होते. नोडजेएससुद्धा फायलींसाठी मुळात चारच थ्रेड ठेवतं.

आणि फंक्शनपुढे ‘असिंक’ लिहून भागत नाही. पायथनच्या असिंकआयओत साधं फाइलवाचन मुख्य थ्रेडलाच अडवतं. ते वेगळ्या थ्रेडवर धाडावं लागतं. त्यासाठी २०२० च्या ३.९ आवृत्तीत ‘टू_थ्रेड’ आलं.

प्रोग्रॅमर हे सुधारेपर्यंत स्टुडिओवाल्यांनी एवढं करावं: खिडकी पांढरी पडली तर आधी डिस्कवरचा फोल्डर उघडून फायली मोजाव्यात. आकडा वाढत असेल तर ‘एण्ड टास्क’ दाबू नये.