तळहातातली चरबीची गाठ

गाठ दिसली की अंबरनाथ-बदलापूरकडे दोनच सल्ले मिळतात: ‘चरबीची आहे, सोडून द्या’, नाहीतर ‘थेट परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात जा’. दोन्हींत गाठीचा स्वभाव तिच्या जागेवरून ठरवलेला असतो. लायपोमा (चरबीच्या पेशींची निरुपद्रवी गाठ) बहुधा मान, खांदा, पाठ किंवा दंडावर येतो. क्वचित तो तळहातात, जिभेत किंवा मांडीच्या स्नायूतही वाढतो. जागा अनोळखी, म्हणून गाठ वाईट, असे नव्हे.

उल्हासनगरच्या कापडबाजारात डोळ्यांना फसवणारे कापड ओळखायला एक धागा जाळतात. सुती धाग्याची राख होते, नायलॉन वितळून गोळी होते. एमआरआय (चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींनी घेतलेली प्रतिमा, यात क्ष-किरण नसतात) असाच कस लावते. साध्या प्रतिमेत चरबी उजळ दिसते. मग चरबीचा संकेत दाबून दुसरी प्रतिमा घेतात. त्वचेखालच्या चरबीबरोबर गाठही काळी पडली, तर ती चरबीचीच. वरवरच्या लहान गाठीला मात्र बहुधा सोनोग्राफी पुरते. उगाच खर्च नको.

गाठीत जाड पडदे किंवा चरबी नसलेला भाग दिसला, तर प्रतिमेवर निकाल देत नाहीत. बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) लागते. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी आहे, पण नीट आखून केलेल्या बायॉप्सीत हा धोका फार कमी असतो.

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती गाठ, दुखत नसली तरी, डॉक्टरांना दाखवा. जुन्या तपासण्यांच्या फिल्म सोबत न्या.