गाय थोराड घ्यावी की आटोपशीर? दोन लिटरचा हिशेब

कोल्हापूर : जनावरांच्या बाजारात थोराड गाईभोवती गिऱ्हाईक जास्त जमते. मोठी गाय म्हणजे जास्त दूध, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र, गोठ्याचा नफा गाईच्या आकारावर ठरत नाही. तिच्या वजनाला लागणारी वैरण दुधातून वसूल होते की नाही, यावर तो ठरतो.

वजन इथे का विकले जात नाही?
अमेरिका, ऑस्ट्रेलियात मांसासाठी गाई पाळणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तिथे गाय म्हातारी झाली की वजनावर विकली जाते आणि खाऊ घातलेल्यातले काही परत मिळते. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी आहेच. 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. दूध संस्थेत पैसे मिळतात ते लिटर, फॅट आणि एसएनएफवर. त्यामुळे जादा वजन हा गोठ्याचा रोजचा खर्च ठरतो.

150 किलो जादा वजनाची किंमत किती?
एक संकरित जर्सी गाय 400 किलोची आणि एक संकरित एचएफ गाय 550 किलोची धरू. दूध बाजूला ठेवले, तरी केवळ शरीर पोसण्यासाठी मोठ्या गाईला रोज सुमारे 2.3 किलो कोरडा चारा जादा लागतो. ओल्या वैरणीत हे साधारण 11.5 किलो होते. भाकड काळातही हा खर्च थांबत नाही. वर्षाला ही वैरण सुमारे 4.2 टन भरते.

उदाहरणादाखल ओली वैरण 3 रुपये किलो, पेंड 30 रुपये किलो आणि दूध 35 रुपये लिटर धरू. जादा वैरणीचा खर्च वर्षाला सुमारे 12,600 रुपये होतो. अडीच लिटर दुधामागे एक किलो पेंड लागते, म्हणजे लिटरमागे 12 रुपये गेले आणि 23 रुपये उरले. 300 दिवसांच्या वेतात हा खर्च भरून काढायला मोठ्या गाईने रोज जवळपास दोन लिटर दूध जादा दिले पाहिजे. ही झाली केवळ बरोबरी. नफा त्यापुढे सुरू होतो. शिवाय लहान गाईची फॅट जास्त लागत असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

मोठी गाय कोणाला परवडते?
बागायती शेतात मका, नेपियर गवत, मुरघास असेल आणि गाय खरोखर चार-पाच लिटर जादा देत असेल, तर थोराड गाय फायद्याची. वर्षातले बरेच महिने उसाच्या वाड्यावर काढणाऱ्या गोठ्यात मात्र मोठ्या गाईचे पोट भरते, पण पोषण होत नाही. दूध घटते, माज लांबतो. डोंगराळ तालुक्यांत चरायला जाणाऱ्या जनावरालाही आटोपशीर बांधाच बरा.

म्हशीतही हाच हिशेब लागू पडतो. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागात रुळलेली पंढरपुरी म्हैस मुऱ्हापेक्षा अंगाने हलकी असते. मुऱ्हा घेताना तिचे दूध वैरणीच्या प्रमाणात वाढते का, ते पाहावे.

वजन कसे काढावे?
काटा नसेल तर टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणून पुन्हा लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. घेर 68 आणि लांबी 58 इंच असेल, तर वजन सुमारे 406 किलो येते.

रेतन करताना काय पाहावे?
लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीच्या वळूचे रेतन केल्यास वासरू मोठे होऊन गाय अडण्याचा धोका असतो. संकरित कालवड साधारण 250 किलोची झाल्यावरच भरवावी. गोठ्यात जनावरे वाढवण्याआधी प्रत्येक गाईचे वजन, दूध आणि फॅट महिन्यातून एकदा वहीत लिहावे. पुढच्या पिढीसाठी कोणत्या गाईची कालवड ठेवायची, ते ही वहीच सांगते.