स्थूलता-शस्त्रक्रिया

शरीरातील मेदसंचय कमी करण्यासाठी जठराच्या, तसेच काही प्रकारांत लघ्वांत्राच्या, रचनेत बदल करणाऱ्या शस्त्रक्रियांना ही संज्ञा आहे. आहारनियमन, व्यायाम व औषधे यांनी स्थूलता पुरेशी आटोक्यात येत नसल्यास हा उपाय योजतात. त्वचेखालील चरबी शोषून काढण्याच्या सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेहून तो सर्वस्वी भिन्न आहे.

अमेरिकेत १९५४ च्या सुमारास लघ्वांत्राचा मोठा भाग वगळून अन्नशोषण घटविण्याचे प्रयोग झाले. परंतु तीव्र अतिसार व यकृतविकार उद्‌भवू लागल्याने ही पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो लघ्वांत्रास जोडला. यातूनच आजची ‘जठर-उपमार्ग’ पद्धत विकसित झाली. ‘नलिकाकार जठर’ पद्धतीत जठराचा सु. तीन-चतुर्थांश भाग बाह्य वक्रतेच्या बाजूने कापून काढतात. दोन्ही शस्त्रक्रिया आता बहुधा उदरावरील लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने करतात. जठराची धारणक्षमता घटते. त्याशिवाय भूक व इन्शुलिनस्राव यांचे नियमन करणाऱ्या आंत्रजन्य हॉर्मोनांतही बदल होतात. त्यामुळे पुष्कळदा वजन फारसे उतरण्यापूर्वीच मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा सुधारते.

रुग्णाची निवड शरीर-वस्तुमान निर्देशांकावरून होते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा अंक मिळतो. १९९१ मध्ये अमेरिकेत ४०, किंवा गंभीर सहविकार असल्यास ३५, ही मर्यादा ठरली. मात्र हा अंक शरीरातील मेदाचे प्रमाण सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले : दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु मेद याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के होता. पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किग्रॅ. आढळले, तथापि पुण्याकडील बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. अशा शरीरात मधुमेह कमी वजनातही जडतो. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सर्वसाधारण मर्यादा ३५, चयापचयी विकार असल्यास ३०, आणि आशियाई व्यक्तींसाठी २७.५ सुचविण्यात आली. १६० सेंमी. उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ३५ म्हणजे सु. ९० किग्रॅ., तर २७.५ म्हणजे सु. ७० किग्रॅ. वजन होय.

मर्यादा खाली आली, तरी शस्त्रक्रियेचे धोके कमी होत नाहीत. टाक्यांतून गळती, रक्तस्राव व फुप्फुसातील रक्तगुठळी हे तात्कालिक धोके होत. पुढे लोह, कॅल्शियम, ड व ब१२ या जीवनसत्त्वांची न्यूनता उद्‌भवते. ब१२ ची न्यूनता पुण्यातील पाहण्यांत, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत, मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. शस्त्रक्रियेने ती अधिक बळावून पांडुरोग व तंत्रिकाविकार होऊ शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी आणि नंतर आयुष्यभर पूरक जीवनसत्त्वे, पुरेशी प्रथिने व नियमित वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. आहार पूर्ववत झाल्यास वजन पुन्हा वाढू शकते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतील मृत्युप्रमाण इतर स्थूल रुग्णांपेक्षा कमी आढळले. परंतु हा लाभ टिकविण्यासाठी शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषाही शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची ठरते.