ठसा नसलेले ओझा

स्कॉटलंडच्या छोट्या गावांतले चांदीकार भांड्यावर गावाची खूण ठोकत: डंडीची लिलीची कुंडी, इन्व्हर्नेसचा चक्क उंट! 1836 च्या कायद्याने माल एडिंबरा किंवा ग्लासगोला तपासायला पाठवणे सक्तीचे झाले आणि गावठसे मागे पडले.

आदिलाबादच्या ओझा कारागिरांनी असा ठसा कधी ठोकलाच नाही. जैनूर मंडलातल्या उशेगावात ते राजगोंडांसाठी देवमूर्ती, घंटा, दागिने ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे सुतासारखे धागे गुंडाळायचे, वरून मातीचा लेप, मग भट्टी. मेण वितळते, त्या पोकळीत पितळ शिरते. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखी दुसरी होत नाही. हीच त्यांची सही म्हणा.

2018 मध्ये या ओतकामाला ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. गंमत अशी, की 2016 च्या जिल्हाविभाजनात जैनूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले; नाव मात्र आदिलाबादचेच राहिले.

मानांकन मूळ ठिकाण सांगते, धातूची शुद्धता नव्हे. म्हणून चांदीचे पैंजण घेताना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह आणि 925 सारखा शुद्धतेचा आकडा पाहूनच पैसे मोजा.